मोळीत खोचलेला पाला

स्टेशनात गाडी थांबली की निवृत्ती केदारी उतरणाऱ्या माणसांकडं न बघता त्यांच्या सामानाकडं बघायचा. होल्डॉल आणि पितळी डबा असला की बंगलेवाले. त्यांचा माळी टांगा घेऊन आधीच उभा असायचा, तिथं बोलण्यात अर्थ नसे. थर्मास आणि औषधांची पेटी असली की डॉक्टरनं हवापालटाला धाडलेले. ही माणसं महिनाभर राहायची, मऊ भात खायची आणि हवेबद्दल तक्रार करायची, जशी काही हवा निवृत्तीनंच डब्यात भरून ठेवली होती. गळ्यात कॅमेरा असला तर मात्र तो माणूस दोन दिवसांचा. त्याला सगळं बघायचं असायचं आणि परतीची गाडीही चुकवायची नसायची. निवृत्तीचा पगार या तिसऱ्या जातीवर चालायचा.

तो घाटमाथा प्रवासी मंडळाचा कारकून होता. मंडळ म्हणजे रतनशेठच्या हॉटेलाखालची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर टांगलेला घाटाचा नकाशा. त्या नकाशात रतनशेठचं हॉटेल कार्ल्याच्या लेण्यांपेक्षा मोठं काढलेलं होतं. निवृत्ती पवन मावळातला, चार भावांतला धाकटा. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झाला आणि त्या दिवसापासून शेतावर कामाचा राहिला नाही. पुण्यात जाऊन बघितलं तर तिथं त्या फायनलला कोणी विचारीना. लोणावळं मुंबई-पुण्याच्या मध्ये होतं, तिथं तो टेकला. लग्न केलं, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, टोपी रोज धुवायला लागला. स्वभावानं गरीब. कोणाला नाही म्हणता येत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि लोक ती चांगली समजत.

नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्या राज्याचा आनंद लोणावळ्यात सगळ्यांत जास्त कोणाला झाला असेल तर रतनशेठना.

"मुंबई आता राजधानी झाली, निवृत्ती," ते गादीवर रेलून म्हणाले. "राजधानीला अंगण लागतं. ते अंगण म्हणजे आपण. आता सांगा, अंगणात काय लागतं?"

"तुळस," निवृत्ती म्हणाला.

"बाकडी!" रतनशेठ म्हणाले. "बाकडी लागतात. आणि पुस्तिका लागते. अंगणात काय बघायचं ते पाहुण्याला कळायला नको?"

पुस्तिका लिहायचं काम निवृत्तीकडं आलं. पगार तोच. पण लिखाणात नाव यायचं होतं, त्यामुळं निवृत्ती तीन महिने जमिनीवर नव्हता. गाव आपलंच, रोजचं, पण लिहायला बसला तेव्हा त्याला कळलं की गावात बघण्यासारखं जे आहे ते गावातलं कोणी बघत नाही. नागफणीच्या सुळक्याला गोऱ्या साहेबानं आपल्या कुठल्याशा सरदाराच्या नाकाचं नाव दिलं होतं, तेच पाहुणे विचारत. बंगल्यांना मालकांच्या बायकांची नावं होती आणि बायका कधी येत नव्हत्या. तळ्याच्या काठी उन्हाळ्यात तळंच नसायचं. निवृत्तीनं या सगळ्याला शोभेल असं मराठी शोधलं. 'वनश्री' हा शब्द त्यानं एकवीस वेळा वापरला. रतनशेठनी मोजून चार काढायला लावले.

एक वाक्य मात्र खास त्याचं होतं. पलीकडच्या एका हॉटेलवाल्यानं आदल्या वर्षी जाहिरातीत धबधबा छापला होता, तो निघाला भलत्याच डोंगरातला, आणि पारशी पाहुण्यांनी भर बाजारात त्याची शोभा केली होती. म्हणून निवृत्तीनं पहिल्याच पानावर लिहिलं: 'या पुस्तिकेतील प्रत्येक छायाचित्र प्रत्यक्ष त्या जागी, जसे दिसले तसे घेतलेले आहे.' हे वाक्य त्यानं बायकोला, सरूला, दोनदा वाचून दाखवलं होतं. सरू म्हणाली होती, "असं लिहावं लागतं व्हय?"

फोटो काढायला दसरा झाल्यावर दादरचा एक माणूस आला. त्याचा धंदा लग्नांचे फोटो काढायचा. दोन दिवसांत त्यानं दऱ्या, सुळके, लेणी सगळं उरकलं. संध्याकाळी रतनशेठनी हिशेब घेतला तर सगळी दरी आणि दगड.

"यात माणूस कुठाय?" रतनशेठ म्हणाले. "मुंबईचा माणूस दगड बघायला येत नाही. आपल्यापेक्षा साधी माणसं बघायला येतो. ती बघितली की त्याला बरं वाटतं."

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती फोटोवाल्याला घेऊन विसाव्याच्या दगडापाशी गेला. घाटाच्या कडेला कमरेएवढा उंच, वरून सपाट असा तो दगड; रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका तिथं डोक्यावरचं ओझं कोणाची मदत न घेता टेकवत आणि तसंच परत उचलत. दगडामागं दरी उघडी. मंडळानं त्या जागेला 'विसावा पॉइंट' असं नाव द्यायचं ठरवलं होतं.

मोळी टेकून चिमाबाई तिथं उभी होती. जांभळीच्या वाडीची ही बाई तीन दिवसांआड निवृत्तीच्या घरी जळण टाकायची, सरूशी गप्पा मारायची, चहा प्यायची आणि जायची. नवरा सावळा चार वर्षांपूर्वी मधाच्या पोळ्यासाठी कड्यावर चढला आणि पडला. तेव्हापासून त्याचा एक पाय नुसताच बरोबर असायचा. घर चिमाबाईच्या मोळीवर. वाडीतली सगळी माणसं जगाला 'तू' म्हणतात, तीही म्हणायची, स्टेशनमास्तरलासुद्धा. बंगलेवाल्या बायकांना त्याची गंमत वाटायची आणि कारकुनांना राग यायचा. निवृत्तीला ती 'भाऊ' म्हणत असल्यामुळं त्याला राग येत नव्हता.

"चिमाबाई, तुझा फोटो काढायचाय. पुस्तकात छापणार."

"माजा? कशापायी? म्या काय केलं?"

"काही केलं नाहीस. नुसती उभी राहा."

फोटोवाल्यानं काचेतून बघितलं आणि मान वर काढली. "अहो, हे काय? वाळक्या काटक्या? काळ्यापांढऱ्यात हे मसणातलं सामान दिसेल. जरा पाला नाही का? हिरवा?"

"काळ्यापांढऱ्यात हिरवं कसं दिसणार?"

"हिरवं नाही दिसत. टवटवीत दिसतं. नवरी उभी केली आणि मुंडावळ्या नाहीत, असं झालंय हे."

चिमाबाईनं मोळीवर हात ठेवला. "वलं न्हाई चालत, भाऊ. वलं पान मोळीत घावलं तर गार्ड पास काढून घेतो. माजा एकटीचा न्हाई, समद्या वाडीचा."

हे निवृत्तीला माहीत नव्हतं असं नाही. जंगलखात्यानं वाडीला बावीस पास दिले होते. जमिनीवर पडलेलं, वाळलेलं लाकूड डोक्यावरून न्यायची परवानगी. ओलं तोडलं तर एकीच्या चुकीला बावीस जणी जबाबदार. रानाच्या कडेला वाढलेल्या कुणालाही हे पाठ असतं. पण निवृत्तीच्या डोक्यात त्या दिवशी पुस्तिका होती.

"अगं, मोळी विकायची थोडीच आहे? फोटोपुरता पाला. झालं की काढून टाकू."

"गार्ड बघंल."

"गार्ड कुठाय हितं? आणि फोटोतलं लाकूड काय कोणी चुलीत घालणार आहे?"

यावर चिमाबाईला हसू आलं. निवृत्तीनं तिचाच कोयता घेतला, शेजारच्या जांभळीच्या चार डहाळ्या तोडल्या आणि स्वतःच्या हातानं मोळीत खोचल्या. मागं सरून बघितलं, पुन्हा पुढं जाऊन एक डहाळी सरळ केली. पानं उन्हात चकाकत होती. तोंडाला पदर लावायचा की नाही या विचारात चिमाबाई अर्धवट हसतच राहिली, आणि फोटोवाल्यानं बटण दाबलं.

फोटो झाल्याबरोबर तिनं पाला उपसून वाटेकडेला टाकला. घरी नेला असता तर शेळीनं खाल्ला असता. नेला नाही.

पानशेतच्या पुराचा चिखल पुण्याच्या छापखान्यांतून तेव्हा नुकताच निघाला होता. छापखानेवाले कामासाठी आसुसलेले, त्यामुळं पुस्तिका स्वस्तात झाली आणि संक्रांतीला हातात आली. चिमाबाईचा फोटो मधल्या पानावर, पानभर. खाली निवृत्तीनं लिहिलं होतं: 'विसावा पॉइंट : मोळी घेऊन निघालेली आनंदी रानकन्या.' रानकन्या चाळिशीला आली होती, पण छपाईत ते कळत नव्हतं.

"ही मी व्हय?" चिमाबाई सरूच्या ओट्यावर बसून म्हणाली. "दात लय दिसत्यात की." मग पुस्तक जवळ घेऊन म्हणाली, "पाला बी दिसतोय."

"शोभून दिसतोय," निवृत्ती म्हणाला, आणि वाकडी कापली गेलेली एक प्रत त्यानं तिला फुकट दिली.

माघात नवे रेंजरसाहेब आले. तरुण, काटेकोर, बुटाला चिखल लागला तरी चालणारे. पहिल्याच फेरीत त्यांना विसाव्याच्या खालच्या उतारावर अकरा बुंधे सापडले. जांभळी आणि ऐन, चांगली कवेत धरवतील एवढी झाडं, बुडापासून कापलेली. काप गुळगुळीत, करवतीचा. वाडीतल्या बायकांकडं कोयते असतात. करवत वाडीनं बघितलेलीसुद्धा नव्हती. एका कंत्राटदाराचा ट्रक गेल्या पावसाळ्याआधी दोन महिने त्या वाटेनं ये-जा करत होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गार्ड भिकाजीला सगळ्यांपेक्षा नीट ठाऊक होतं. ट्रकवाल्याबरोबर तो चहा प्यायचा.

"हे कोणाचं काम?" साहेबांनी विचारलं.

भिकाजीला नाव पाहिजे होतं, आणि ट्रकचं नाव घेता येत नव्हतं. तो चहाच्या दुकानात डोकं धरून बसला असताना त्याला गल्ल्यावर ठेवलेली पुस्तिका दिसली. मधलं पान उघडलं. जागा तीच. झाड तेच. मोळीत ओली जांभळ, बाईचं तोंड स्वच्छ, आणि वर बाई हसतेही आहे. पहिल्या पानावर तर छापलेलंच होतं, जसं दिसलं तसं. भिकाजीनं पुस्तिका विकत घेतली. त्याच्या आयुष्यातलं विकत घेतलेलं ते पहिलं पुस्तक असावं.

करवतीचा काप साहेबांच्या नजरेतून सुटला नव्हता. बुंध्यांचा गुन्हा बाईवर बसत नाही, हे त्यांनी भिकाजीला तोंडावर सांगितलं. पण मोळीतला ओला पाला डोळ्यांसमोर होता, आणि त्याला नियम होता. त्यांनी वाडीला बोलावणं धाडलं: आठ दिवसांनी वनखात्याच्या बंगल्यावर चौकशी, तोवर मोळ्या बंद.

फाल्गुन लागला होता. पावसाळ्याआधी गाव घरोघर जळण भरतं ते फाल्गुन, चैत्र, वैशाखात. त्या तीन महिन्यांच्या मोळ्यांवर वाडी पावसाळ्याची नाचणी घेते. तीन महिन्यांत पास नसला तर आषाढात काय, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं.

त्याच संध्याकाळी चिमाबाई वाडीच्या म्हाताऱ्या बुधाआबाला घेऊन निवृत्तीच्या घरी आली. बुधाआबा उंबऱ्याबाहेरच बसला.

"तू फक्त यायचं," चिमाबाई म्हणाली. "आन् सांगायचं, पाला म्या तोडला, म्या खोचला, फोटूसाठी. बस. त्येवढ्यानं भागतंय."

"म्हणजे काय? येणारच," निवृत्ती म्हणाला. "मीच तर खोचला. काळजी करू नका, आबा."

"काळजी न्हाई," बुधाआबा म्हणाला. "तू शिकल्याला मानूस. तुजं ऐकत्याल."

ते गेल्यावर सरू म्हणाली, "सकाळीच जाऊन साहेबाला सांगून या की. चौकशीपर्यंत कशाला थांबायचं?" निवृत्ती म्हणाला, रीतसर बोलावल्यावर जाणं बरं. मदत टाळायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त साहेब लोकांसमोर आपण होऊन जायची भीती वाटायची.

त्या आठ दिवसांतच रतनशेठनी त्याला वर बोलावलं. गादीवर, पानदान पुढं.

"मुंबईहून पत्र आलंय. सरकारच्या प्रवासी कचेरीला आपली पुस्तिका पसंत आहे. पाच हजार प्रती घेणार. एकच विचारतात, फोटो अस्सल आहेत ना? मी लिहिलं, पहिलं पान वाचा." त्यांनी सुपारी कातरली. "वाक्य तुमचंच आहे ना हो ते?"

"माझंच."

"छान वाक्य आहे. आता तुम्ही जंगलवाल्यांच्या कागदावर सांगणार, की फोटो आम्ही सजवून काढला. सरकारचा कागद सरकारकडं जातो, निवृत्ती. मग पाच हजार प्रती मी काय हॉटेलात भजी बांधायला वापरू?"

"पण शेठ, वाडीचे पास..."

"मी कुठं म्हणतो खोटं बोला? मी असलं कधी शिकवलंय? आठवत नाही, एवढंच म्हणा. सहा महिने झाले. माणसाला आठवत नाही, त्यात खोटं काय?" मग अगदी मायेनं ते म्हणाले, "मंडळ एकदा सरकारमान्य झालं की कारकून कायम होतो. लेखी. घरात सांगितलंय का वहिनींना?"

निवृत्तीनं वहिनींना सांगितलं नाही. चार रात्री त्यानं स्वतःशी वाद घातला आणि दर वेळी स्वतःकडून हरला. एक वाट त्याला दिसत राहिली: आपण 'बाईनं पाला तोडला' असं तर म्हणणार नाही. तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. साहेब समंजस आहे, करवतीचं त्यानंच बोलून दाखवलंय. एका फोटोवरून तो बावीस चुली बंद करणार नाही. कोणाचंच वाईट न करता यातून निघता येईल. गरीब स्वभावाच्या माणसांना अशी वाट नेहमी दिसते.

चौकशी बंगल्याच्या पडवीत झाली. टेबलावर पुस्तिका, शेजारी कागद. वाडीतले पंधरा-वीस जण खाली अंगणात उकिडवे. पायरीवर चिमाबाई, तिच्यामागं बुधाआबा. भिकाजी पट्टा आवळून खांबाशी उभा.

"हा फोटो तुझा?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. तू आदी हे सांग, मी पाला चोरला आसता तर फोटू काढाया हसत हुबी ऱ्हायली आसती का?"

"साहेबांना तू म्हणू नको," भिकाजी खेकसला.

"आसू दे," साहेब म्हणाले. प्रश्न त्यांना पटलेला दिसला. "मग पाला मोळीत आला कुठून?"

"ह्या भाऊनं खोचला. माज्या कोयत्यानं. ईचार त्येला."

साहेब निवृत्तीकडं वळले. समोरची खुर्ची दाखवली. निवृत्ती बसला नाही.

"केदारी, तुम्ही तिथं हजर होतात?"

"होतो, साहेब."

"पाला कोणी तोडला?"

"साहेब, त्याला आता पाच-सहा महिने झाले. त्या दिवशी बरेच फोटो झाले. नेमकं... आठवत नाही."

अंगणात कोणीतरी 'आरं' म्हणालं. साहेबांनी दौतीचं झाकण लावलं, म्हणजे लिहायची घाई नाही.

"सावकाश आठवा. तुमच्या एका वाक्यावर माझा कागद वेगळा होतो. बाई म्हणते ते खरं असेल तर मी हे इथंच मिटवतो."

याहून सोपं करून कोणी विचारलं नसतं. निवृत्तीनं टोपी काढली, पुन्हा घातली. वरच्या कौलांवर वानर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं.

"नाही आठवत, साहेब."

साहेबांनी पुस्तिकेचं पहिलं पान उघडून त्याच्यापुढं सरकवलं. "'जसे दिसले तसे घेतलेले आहे.' हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"हे आठवतं?"

"हो."

"बरं," साहेब म्हणाले आणि दौत उघडली. "मग माझ्यापुढं एवढंच आहे."

जांभळीच्या वाडीचे पास पुढच्या दसऱ्यापर्यंत बंद. बुधाआबा हात जोडून 'बावीस चुली हायती, सायेब' म्हणत राहिला. साहेब म्हणाले, नियम मी केलेला नाही, आणि खाली बघून सही केली. ट्रकचा विषय निघालाच नाही.

पायऱ्या उतरताना निवृत्तीनं चिमाबाईला गाठायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. थांबला बुधाआबा. त्यानं निवृत्तीला टोपीपासून वहाणांपर्यंत नीट न्याहाळलं.

"भाऊ, आसं इसरायला लय शिकावं लागत आसंल, न्हाई? आमाला न्हाई जमायचं. आमी अडानी."

एवढं म्हणून तो काठी टेकत गेला.

चैत्रात अर्धी वाडी खाली खोपोलीकडं वीटभट्टीवर गेली. चिमाबाईला जाता येईना; सावळ्याला कोण सांभाळणार? तिनं करवंदं विकली, दोन बंगल्यांची धुणी धरली, मग बंगलेवाले मुंबईला गेल्यावर ती धुणीही सुटली. सरूच्या ओट्यावर ती पुन्हा आली नाही. सरू वखारीतून लाकूड आणायला लागली. नवऱ्याला तिनं काही विचारलं नाही, पण कायम झाल्याचं पत्र निवृत्तीनं घरात दाखवलं तेव्हा तिनं हात पुसले नव्हते म्हणून ते हातात घेतलं नाही, आणि मग हात पुसल्यावरही घेतलं नाही.

पाच हजार प्रती मुंबईत गेल्या आणि मे महिन्यात त्यांचा परिणाम गाडीतून उतरायला लागला. विसावा पॉइंटावर मंडळानं दोन बाकडी टाकली होती. पाहुणे टांगे करून जायचे, बाकड्यावर बसायचे, दरी बघायचे आणि पुस्तिका उघडून विचारायचे, "ती बाई कुठं उभी असते?"

रतनशेठना यातलं काही वाया जाऊ द्यायचं नव्हतं. "बाईला बोलवा," ते म्हणाले. "सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मोळी घेऊन उभी राहील. रोजंदारी देऊ. तिचं मंडळामुळं नुकसान झालं असं लोक म्हणतात ना? मग मंडळच भरून देईल." हे बोलताना त्यांचे डोळे खरोखर ओले झाले. आपण उपकार करतो आहोत यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

निरोप निवृत्तीनं स्वतः नेला नाही, टांगेवाल्याबरोबर धाडला. चिमाबाई येणार नाही असं त्याला वाटलं होतं. खरं तर तशी त्याची इच्छा होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापाशी उभी होती.

मोळी वखारीची, पावतीसकट. पाला रतनशेठच्या हॉटेलच्या आवारातल्या जांभळीचा. 'खाजगी आवारातील पाला' अशी चिठ्ठी निवृत्तीनं स्वतः लिहून, मंडळाचा शिक्का मारून खिशात ठेवलेली. भिकाजी एकदा येऊन चिठ्ठी बघून गेला, सलाम करून. चिमाबाईनं चिठ्ठीकडं, शिक्क्याकडं आणि भिकाजीकडं बघितलं. पाला मोळीत कसा खोचायचा हे वखारीच्या हमालाला जमेना, तेव्हा ते काम रोज निवृत्तीकडंच आलं.

पहिल्या रविवारी गिरगावातलं एक कुटुंब आलं. निवृत्ती डहाळ्या घेऊन मोळीपुढं वाकला. एक डावीकडं, एक वरून, दोन उजवीकडं. बघावं लागत नव्हतं.

"हाताला आठवतंय की तुज्या," चिमाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

तो खोचत राहिला.

मोळी डोक्यावर घेऊन ती उभी राहिली. कॅमेरावाल्या गृहस्थांनी पुस्तिकेतलं पान उघडून बायकोच्या हातात दिलं, एकदा पानाकडं, एकदा बाईकडं बघितलं. "पुस्तकात हसतायत त्या. जरा हसायला सांगता का?"

"चिमाबाई," निवृत्ती म्हणाला, "जरा हस."

"हुबं ऱ्हायचं ठरलंय," ती म्हणाली. "हसायचं न्हाई ठरलं."

गृहस्थांनी तसाच फोटो काढला. बायको म्हणाली, "पुस्तकातली दुसरी कुणीतरी असेल हो, ही नाही वाटत." ती मंडळी बाकड्यावर जाऊन बसली आणि डबा उघडला. चिमाबाईनं मोळी दगडावर टेकली. निवृत्ती पाला काढायला पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे," ती वाटेकडं बघत म्हणाली. "दुसरा टांगा यितोय."